पंचवीस-तीस जणांच्या कार्यालयासाठी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडावी

छोट्या कंपनीत सर्व्हर घ्यायचं ठरलं की कोटेशनमध्ये एक ओळ आयतीच येते: 'विंडोज सर्व्हर स्टँडर्ड, १ नग'. सोबत किती कॅल (सर्व्हर वापरण्याचा माणशी किंवा उपकरणामागे घ्यायचा परवाना) लागतील, हे मात्र त्यात बहुतेक वेळा नसतं. दुसरीकडे 'लिनक्स टाका, फुकट आहे' असं सांगणारा कोणीतरी भेटतो, पण टॅली कशावर चालणार हे त्याने विचारलेलं नसतं. हे दोघंही ऑपरेटिंग सिस्टिमपासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. सुरुवात कामापासून करायची. मग सपोर्टच्या तारखा, मग लायसन्सचा हिशेब, मग यंत्र. या क्रमाने गेलं की निवड बरीचशी आपोआप होते.

इथे डोळ्यांसमोर १५ ते ५० संगणकांचं कार्यालय आहे: हिशेब, हजेरी, ड्रॉइंग किंवा कागदपत्रांच्या फाइली आणि एखादं ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर.

पायरी १ : कामांची यादी

एका कागदावर चार रकाने आखा. सॉफ्टवेअरचं नाव, एका वेळी वापरणारी माणसं, डेटा कुठे राहतो, आणि ते बनवणारी कंपनी कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सपोर्ट देते. चौथा रकाना फोनवर विचारून भरू नका, ईमेलवर लेखी उत्तर घ्या. 'चालतं हो सगळ्यावर' हे उत्तर मार्चअखेरीस कामाला येत नाही.

टॅलीप्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. पण म्हणून सर्व्हरही विंडोजच हवा असं नाही. टॅली प्रत्येकाच्या संगणकावर चालत असेल आणि सर्व्हरवर फक्त डेटाचं फोल्डर असेल, तर ते फोल्डर लिनक्सवरच्या सांबा शेअरवरही ठेवता येतं (सांबा म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर विंडोजच्या संगणकांना वापरू देणारं सॉफ्टवेअर). या रचनेत सगळं काम ज्याच्या-त्याच्या संगणकावर होतं आणि डेटा नेटवर्कवरून ये-जा करतो. त्यामुळे डेटा फुगला की रिपोर्ट उघडायला वेळ लागतो. वाय-फाय मध्येच तुटलं तर डेटा खराब होण्याची भीती असते. टॅलीच्या संगणकांना गिगाबिटची केबलच द्या. एकाच वेळी दहापेक्षा जास्त ऑपरेटर असतील किंवा दुसऱ्या गावची शाखाही त्याच डेटावर काम करणार असेल, तर टॅली सर्व्हरवरच चालवून सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे सर्व्हरचाच पडदा आपल्या संगणकावर उघडून, आत यावं. तेव्हा विंडोज सर्व्हरला पर्याय नाही. टॅलीचं लायसन्सही तपासा. सिल्व्हर एकाच संगणकापुरतं असतं, नेटवर्कवर अनेकांना वापरायचं तर गोल्ड लागतं.

बोटांच्या ठशांवर चालणाऱ्या हजेरी यंत्रांचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवर चालतं आणि खाली मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची मोफत एक्सप्रेस आवृत्ती वापरतं. एक्सप्रेसच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. हजेरीला ती वर्षानुवर्षं पुरते. ईआरपी (खरेदी, साठा, विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्याच एक्सप्रेसवर असेल तर लवकर भरते, आणि एके सकाळी नवीन नोंदच होत नाही. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवरही चालतो हे खरं, पण ज्याने आपलं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर तपासलं आहे त्याच्या गळी ते उतरवण्यात वेळ घालवू नका.

पीएचपी, जावा किंवा पायथनमध्ये लिहिलेलं आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसवर चालणारं जे काही असेल, ते सरळ लिनक्सच्या रकान्यात टाका.

पायरी २ : सपोर्ट कधी संपतो

सर्व्हर सहा-सात वर्षं वापरला जातो, तेव्हा सुरक्षा अपडेट निदान तेवढा काळ मिळायला हवेत. आज उपयोगी पडणाऱ्या तारखा अशा (उबुंटूपासून पुढची सगळी नावं लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची आहेत):

- विंडोज सर्व्हर २०१६ : १२ जानेवारी २०२७. आता नव्याने बसवू नये.
- विंडोज सर्व्हर २०१९ : ९ जानेवारी २०२९.
- विंडोज सर्व्हर २०२२ : १४ ऑक्टोबर २०३१.
- विंडोज सर्व्हर २०२५ : २०३४ पर्यंत.
- उबुंटू २४.०४ एलटीएस (दीर्घ सपोर्टची आवृत्ती) : २०२९ पर्यंत, उबुंटू प्रो ही जादा सेवा जोडल्यास एकूण १० वर्षं.
- डेबियन १३ : ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, तीन वर्षं नियमित आणि पुढची दोन एलटीएस गटाकडून, अशी पाच.
- रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ : मे २०३२. अल्मालिनक्स ९ आणि रॉकी लिनक्स ९ यांचाही काळ तेवढाच.

उबुंटूच्या एलटीएस नसलेल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने अपडेट मिळतात, त्या सर्व्हरवर टाकू नयेत. दुसरी बाब कमी लोकांना माहीत असते. एलटीएसमध्येही 'युनिव्हर्स' भांडारातल्या पॅकेजना उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीकडून सुरक्षा अपडेटची हमी प्रो घेतल्यावरच मिळते. पाच यंत्रांपर्यंत प्रो मोफत आहे, तेव्हा ते जोडून टाका.

तारखांवर किती विसंबायचं, याचा धडा सेंटओएसने, म्हणजे रेड हॅटच्या मोफत प्रतिरूपाने, दिला. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं जाहीर झालं होतं. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने धोरण बदललं आणि ते ३१ डिसेंबर २०२१ ला संपलं. जुनं सेंटओएस ७ ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चाललं. तुमच्याकडे कोपऱ्यात सेंटओएस ७ चा सर्व्हर अजून सुरू असेल तर नव्या खरेदीआधी त्याचं बघा. अल्मालिनक्सच्या एलिव्हेट या साधनाने ७ वरून पुढे चढता येतं, पण त्याच यंत्रावर चढवण्यापेक्षा नव्या यंत्रावर बसवून डेटा हलवणं कमी जोखमीचं आहे.

सेंटओएसची जागा घेणाऱ्या दोन मोफत लिनक्सपैकी अल्मा की रॉकी, यावर भांडण्याइतका फरक रोजच्या वापरात नाही. फरक पडतो तो जुन्या यंत्रावर, आणि तो पुढच्या पायरीत येतो.

पायरी ३ : यंत्र तपासा

स्वस्त मिळतात म्हणून जुने, वापरलेले रॅक सर्व्हर घेणारे बरेच आहेत. रेड हॅट १० ने प्रोसेसरची किमान पातळी एक्स८६-६४-व्ही३ केली आहे. म्हणजे एव्हीएक्स२ हा सूचनासंच असलेला, इंटेलच्या बाबतीत हॅसवेल पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. झिऑन ई५-२६०० मालिकेतले पहिल्या पिढीचे आणि व्ही२ प्रोसेसर यात बसत नाहीत. रॉकी १० चीही अट तीच आहे. अल्मालिनक्स १० मात्र खालच्या एक्स८६-६४-व्ही२ पातळीसाठी वेगळी आवृत्ती देतं. अशा यंत्रावर ९ वी आवृत्ती, डेबियन किंवा उबुंटूही चालतात.

नवीन यंत्र घेताना ईसीसी (डेटातली चूक पकडून दुरुस्त करणारी) रॅम, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आरशासारख्या जोडलेल्या दोन एसएसडी, आणि यूएसबीने सर्व्हरला जोडता येणारा यूपीएस, एवढ्यात काटकसर करू नका. यूपीएस नुसता वीज देऊन उपयोग नाही, बॅटरी संपत आल्यावर त्याने सर्व्हरला बंद व्हायला सांगितलं पाहिजे. लिनक्सवर त्यासाठी नट नावाचं सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर यूपीएस कंपनीचं. रिमोट डेस्कटॉपवर टॅली आणि एक्सेल वापरणाऱ्यांसाठी माणशी दीड ते दोन जीबी रॅम धरा आणि विंडोजसाठी वेगळी आठ जीबी. वीस माणसं असतील तर ४८ जीबी होते, बाजारात ६४ घ्या.

पायरी ४ : विंडोजचं लायसन्स मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. प्रत्येक प्रोसेसरचे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरचे किमान १६ कोअर धरावे लागतात. एकच ८ कोअरचा प्रोसेसर असला तरी १६ चे पैसे पडतात. १२ कोअरचे दोन प्रोसेसर असतील तर २४. म्हणून छोट्या कार्यालयाने १६ कोअरचा एकच, जास्त वेगाचा प्रोसेसर घ्यावा. दोन प्रोसेसरचा सर्व्हर दिसायला भारदस्त असतो, पण लायसन्स वाढवतो.

सगळे कोअर एकदा मोजले की स्टँडर्डमध्ये विंडोजची दोन व्हर्च्युअल मशिन (एकाच यंत्रात चालणारे स्वतंत्र आभासी संगणक) चालवता येतात. तिसरं किंवा चौथं हवं तर सगळे कोअर पुन्हा एकदा विकत घ्यायचे. डेटासेंटर आवृत्तीत ही मर्यादा नाही, पण विंडोजची साधारण दहा-बारा मशिन होईपर्यंत ती परवडत नाही. आणखी एक गैरसमज: 'आमच्या व्हर्च्युअल मशिनला चारच कोअर दिले आहेत, तर चारचंच लायसन्स.' सॉफ्टवेअर अश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसन्सवरचा जादा करार) किंवा सबस्क्रिप्शन नसेल तर हिशेब यंत्रातल्या सगळ्या प्रत्यक्ष कोअरचाच होतो, खालचा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशिन चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सचा असला तरी.

याशिवाय कॅल. सर्व्हरचं फोल्डर, प्रिंटर किंवा लॉगिन वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला किंवा प्रत्येक उपकरणाला एक. तीन पाळ्यांत ३० कामगार मिळून १० संगणक वापरत असतील तर डिव्हाइस कॅल घ्या, दहात भागतं. विक्री विभागातल्या माणसाकडे लॅपटॉप, टॅब आणि फोन असं तिन्ही असेल तर यूजर कॅल. २०२२ चे कॅल २०२५ च्या सर्व्हरला चालत नाहीत, उलट चालतं.

रिमोट डेस्कटॉपवर काम करायचं तर आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल आणखी वेगळे, साध्या कॅलच्या वर. हे कोटेशनमध्ये नसलं तरी सुरुवातीला सगळं छान चालतं, कारण १२० दिवसांची सवलत असते. १२१ व्या दिवशी कोणालाच आत येता येत नाही. डोमेन (सगळ्या संगणकांची लॉगिन एका जागी सांभाळणारी रचना) न करता वर्कग्रुपवर, म्हणजे सुट्या संगणकांवर, आरडीएस चालवणार असाल तर 'पर डिव्हाइस' प्रकार घ्या. 'पर यूजर' घेतले तर २०१९ आणि त्यापुढच्या सर्व्हरवर दर तासाला सेशन तुटतं, आणि दोष इंटरनेटवाल्याला दिला जातो. कॅल चुकवण्यासाठी एका वेळी दोनापेक्षा जास्त जणांना आत घेणारी जी फुकट साधनं फिरतात ती लायसन्सच्या विरुद्ध आहेत, आणि एखादं अपडेट आलं की बंद पडतात.

लोक २५ च्या आत असतील आणि सर्व्हर नवीन घेणार असाल तर एसेन्शियल्स आवृत्तीची चौकशी करा. एक प्रोसेसर, १० कोअरपर्यंत, २५ माणसं किंवा ५० उपकरणं, आणि कॅल लागत नाहीत. ती सर्व्हर कंपनीकडून यंत्रासोबतच मिळते. २६ वा माणूस लवकरच येणार असेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नका.

लिनक्सच्या बाजूला, रेड हॅट आणि सूझेची सबस्क्रिप्शन सोडली तर, हा सगळा हिशेब शून्य आहे. तिथे पैसे माणसाला द्यावे लागतात. महिन्याला ठराविक रकमेवर लिनक्स बघणारा तुमच्या शहरात मिळतो का, आणि तो सुट्टीवर असेल तेव्हा दुसरा कोण, हे आधी विचारा. उत्तर नसेल तर लायसन्समधली बचत पहिल्या बिघाडात जाईल.

पायरी ५ : कामं वेगळी करा

मिश्र गरजेच्या कार्यालयासाठी एका यंत्रावर दोन-तीन व्हर्च्युअल मशिन, ही रचना आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. खाली हायपरवायझर म्हणून प्रॉक्समॉक्स. तो डेबियनवर आधारलेला आहे आणि सबस्क्रिप्शनशिवायही चालतो. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही असंच सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतल्यावर कायमची लायसन्स बंद केली, तेव्हापासून अनेक छोटी कार्यालयं इकडे वळली आहेत. माणूस फक्त विंडोजच जाणणारा असेल तर मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही घ्या. त्यातही कमीपणा नाही. प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस ही डिस्क स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टिम वापरणार असाल तर रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडणारं) कार्ड एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्क जशाच्या तशा दाखवणाऱ्या मोडमध्ये, टाका. हार्डवेअर रेडच्या वर झेडएफएस बसवलं तर खराब होणारी डिस्क त्याला नीट दिसतच नाही.

पहिलं मशिन विंडोज: टॅली, हजेरी आणि विंडोजवरच चालणारी बाकी सॉफ्टवेअर. दुसरं लिनक्स: फाइल शेअर आणि ब्राउझरमधलं सॉफ्टवेअर. विंडोजचा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) हवा असेल तर तो आरडीएसच्या मशिनवरच बसवू नका. स्टँडर्डमध्ये मिळणारं दुसरं मशिन त्यालाच द्या. सांबाचा डोमेन कंट्रोलर करायचा तर डेबियन किंवा उबुंटू घ्या, रेड हॅटच्या कुटुंबात तो नेहमीच्या पॅकेजमध्ये मिळत नाही. आणि डोमेनचा घाट घालण्याआधी कार्यालयातले संगणक बघा: विंडोज होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागते.

सूझे आणि फ्रीबीएसडी ही दोन्ही दमदार आहेत. एसएपी असेल तर सूझेचा विचार करावाच लागतो. इतरांनी, सांभाळणारा माणूस घरचा असेल तरच.

पायरी ६ : पंधरा दिवस चाचणी

विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस मोफत चालते. मुदत संपली की ती तासाला एकदा स्वतःहून बंद होते. चाचणी आवृत्तीवर डोमेन कंट्रोलर बनवलात तर तिचं थेट खऱ्या आवृत्तीत रूपांतर करता येत नाही. दुसरा कंट्रोलर उभा करून सगळं तिकडे हलवावं लागतं. म्हणून चाचणीचं मशिन चाचणीपुरतंच ठेवा.

चाचणीत काय बघायचं? सगळ्यात आधी स्कॅनर. कार्यालयातलं जुनं झेरॉक्स-स्कॅन यंत्र फोल्डरमध्ये स्कॅन टाकत असेल तर ते बहुधा एसएमबीची (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतं, आणि ती आता विंडोज आणि सांबा दोन्हीकडे बंद असते. ती पुन्हा चालू करू नका, रॅन्समवेअरला दार उघडतं. यंत्राचं फर्मवेअर अपडेट करा किंवा स्कॅन एफटीपीने एका वेगळ्या फोल्डरात घ्या.

मग विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीचे संगणक. तिथे पासवर्डशिवायचा 'गेस्ट' शेअर उघडत नाही आणि एसएमबी सायनिंग (प्रत्येक निरोपावर खात्रीची डिजिटल सही) सक्तीचं आहे. सांबावर प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड बनवले की प्रश्न मिटतो.

मराठीत फाइलींना लांब नावं देण्याची सवय असेल तर एक वेगळाच अडथळा येतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजायचं. विंडोजवर तीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे. 'ग्रामपंचायत पाणीपुरवठा योजना दुरुस्ती अंदाजपत्रक सुधारित अंतिम प्रत' यासारखी नावं आणखी थोडी लांबली की कॉपी अर्ध्यात अडकते. डेटा हलवण्याआधी अशी नावं शोधून छोटी करा.

पायरी ७ : बसवताना

विंडोजमध्ये पहिल्याच पडद्यावर 'डेस्कटॉप एक्सपिरियन्स' निवडलं नाही तर फक्त काळी खिडकी असलेली 'सर्व्हर कोअर' आवृत्ती बसते. नंतर त्यावर डेस्कटॉप चढवता येत नाही, पुन्हा बसवावं लागतं. प्रॉक्समॉक्सवर विंडोज बसवताना डिस्क दिसतच नसेल तर घाबरू नका. व्हर्टआयओ (आभासी डिस्क ओळखणाऱ्या) ड्रायव्हरची आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडा आणि तिथून ड्रायव्हर द्या.

उबुंटू सर्व्हर एलव्हीएमसह (विभागांचे आकार नंतर वाढवता येणाऱ्या पद्धतीने) बसवलं की मोठ्या डिस्कवरही मुख्य विभागाला १०० जीबीच मिळतात, बाकी जागा न वापरता राहते. दोन टीबीची डिस्क भरल्याचा निरोप सहा महिन्यांत येतो. बसवतानाच साठवणुकीच्या पडद्यावर तो आकार वाढवा. रेड हॅट कुटुंबात ९ व्या आवृत्तीपर्यंत उलटं होतं. मुख्य विभाग ७० जीबीचा आणि उरलेलं सगळं होममध्ये जातं. तिथली एक्सएफएस फाइल सिस्टिम लहान करता येत नाही, त्यामुळे विभागणी सुरुवातीलाच हाताने करा.

फायरवॉल रेड हॅट कुटुंबात आपोआप चालू असते, उबुंटूत ती असते पण बंद, डेबियनमध्ये बसवावी लागते. रेड हॅट कुटुंबात सांबाचा शेअर दिसतो पण उघडत नाही, तेव्हा एसईलिनक्स हे लिनक्सचं जादा सुरक्षा कवच बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. बंद करू नका, त्या फोल्डरला सांबाचं लेबल लावलं की काम होतं.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडू नका. पोर्टचा आकडा बदलून काही साधत नाही. बाहेरून येणाऱ्यांना वायरगार्डसारखं व्हीपीएन द्या.

पायरी ८ : घड्याळ, नोंदी, बॅकअप

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. लिनक्सवर घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीत वेळेचा सर्व्हर बदलला की पहिलं काम झालं. विंडोज डोमेनमध्ये फक्त पीडीसी एम्युलेटरला (वेळ सांभाळणाऱ्या मुख्य डोमेन कंट्रोलरला) बाहेरची वेळ द्या, बाकी त्याच्याकडून घेतात. डोमेनमध्ये घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त सरकलं की लॉगिन अडतं. नोंदींसाठी विंडोजच्या इव्हेंट लॉगचा ठरलेला आकार अपुरा पडतो, सुरक्षा लॉगचा आकार वाढवा.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी लेखे नियमांतल्या ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप रोज, भारतातच असलेल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो. बाहेरच्या क्लाउडवर ठेवताना प्रदेश मुंबई किंवा हैदराबाद निवडला आहे ना, हे बघा.

टॅलीचं फोल्डर लोक काम करत असताना नुसतं कॉपी केलं तर अर्धवट प्रत मिळते. रात्री सगळे बाहेर पडल्यावर घ्या किंवा अख्ख्या व्हर्च्युअल मशिनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) बॅकअप घ्या. बॅकअपचं यंत्र डोमेनला जोडू नका, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि त्यानेच सर्व्हरकडून डेटा ओढून घ्यावा. सर्व्हर स्वतः बॅकअपच्या फोल्डरात लिहू शकत असेल, तर सर्व्हरवर शिरलेलं रॅन्समवेअरही लिहू शकतं.

मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री येतात. लगेच टाकू नका, इतरांच्या तक्रारी यायला चार-पाच दिवस द्या आणि मग साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री टाका. औद्योगिक वसाहतीत सुट्टी गुरुवारी असेल तर बुधवारी रात्री. उबुंटू सुरक्षा अपडेट आपोआप टाकतं, पण नवा कर्नल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही. त्यासाठी महिन्यातून एक रात्र दोन्ही मशिनची एकत्रच ठरवा.

दर तीन महिन्यांनी एक बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून त्यातली टॅलीची कंपनी लोड करा, मागच्या महिन्याचा ट्रायल बॅलन्स चालू सर्व्हरशी ताडून बघा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मालकाने 'सर्व्हर गेला तर किती वेळात चालू?' असं विचारलं की सांगायचा आकडा तोच.